माप घेणारे यंत्र

शिंप्याकडे कपडा शिवायला टाकणे आणि दुकानातून तयार कपडा उचलणे यांत फार मोठा फरक आहे. शिंपी माणसाच्या खांद्याला, छातीला, मनगटाला फीत लावतो. एखाद्याचा डावा खांदा किंचित उतरलेला असला, तर ते तो बोलून दाखवीत नाही. वहीत आकड्याशेजारी एक खूण करतो आणि कापड बेतताना त्या खांद्याला सांभाळून घेतो. तयार सदरा मात्र कोणा एका सरासरी माणसासाठी शिवलेला असतो, आणि तो सरासरी माणूस जगात कोठेच राहत नसतो. सदरा ज्याच्या अंगाला बसला त्याचे भाग्य; ज्याला बसला नाही त्याने बाह्या दुमडाव्यात किंवा श्वास आवरून धरावा.

यंत्रयुगाने माणसाच्या हाती दिलेल्या बहुतेक वस्तू या दुसऱ्या जातीच्या आहेत. एकाच साच्यातून हजारो वस्तू निघू लागल्या म्हणून त्या स्वस्त झाल्या आणि गरिबाच्या घरापर्यंत पोचल्या, हा उपकार लहान नव्हे. परंतु त्याबरोबर एक रिवाजही पडला. वस्तूशी जुळवून घेण्याचे काम माणसाकडे आले आणि ते त्याला इतके अंगवळणी पडले, की त्यात काही गैर आहे असे त्याला वाटेनासे झाले.

या रिवाजाचे एक उदाहरण मराठी माणसाच्या अगदी जवळचे आहे. टंकलेखन यंत्रावर शंभराच्या आतच चिन्हे मावतात. रोमन लिपीचे त्यात भागते. देवनागरीची जोडाक्षरे, काने-मात्रे, वेलांट्या यांचा संसार त्यात मावेना. तेव्हा यंत्र बदलण्याऐवजी लिपीच बदलावी, असा विचार पुढे आला. यंत्राच्या सोयीसाठी लिपी सुटसुटीत करण्याच्या अनेक योजना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडल्या गेल्या. सावरकरांनी पुरस्कारिलेली 'अ'ची बाराखडी ही त्यांपैकीच एक. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या परिषदेने तर ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे ठेवावी, असे ठरविले. लोकांना ते रुचले नाही आणि थोड्याच वर्षांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. शेकडो वर्षे जी वेलांटी डावीकडे सुखाने नांदत होती, तिला एका लोखंडी यंत्रासाठी घर बदलायला सांगण्यात आले होते.

पुढे संगणक आला आणि हे कोडे पाहता पाहता सुटले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेल्या आणि पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेत वाढलेल्या 'जिस्ट' तंत्राने लिहिणाऱ्याला उच्चाराच्या क्रमाने कळा दाबण्याची मुभा दिली. आधी 'क' दाबावा, मग वेलांटी दाबावी. ती डावीकडे नेऊन बसविण्याचे काम यंत्राचे. 'क', पायमोड आणि 'ष' अशा तीन कळा दाबल्या की 'क्ष' आपोआप घडतो. लिपीने यंत्रापुढे मान तुकवायची होती. प्रत्यक्षात यंत्रानेच लिपीपुढे मान तुकविली. हे कशामुळे घडले? संगणकाचे वागणे त्याच्या लोखंडात ओतलेले नसते. ते आज्ञावलीत, म्हणजे लिहून ठेवलेल्या सूचनांत असते. जे लिहिलेले आहे ते बदलता येते. आणि ते एका भाषेसाठी बदलता येते, तर एका माणसासाठी का बदलू नये? प्रत्येक वापरणाऱ्याचे माप घेऊन त्याच्यापुरती आपली वागणूक बेतणारी आज्ञावली घडविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास सुमारे सत्तर वर्षांचा आहे. त्यात बुद्धीची झेप आहे, फजिती आहे, आणि माणसाच्या स्वभावाविषयी मिळालेले काही धडेही आहेत.

ही कल्पना शिक्षणाच्या दाराने आत आली, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. शिष्याचा अधिकार पाहून उपदेश करावा, हे तत्त्व आपल्याकडे फार जुने. पंचतंत्राच्या आरंभी शास्त्रग्रंथांनी न सुधारलेल्या राजपुत्रांना विष्णुशर्म्याने पशुपक्ष्यांच्या गोष्टींतून नीती शिकविली, ती त्यांच्या मनाचे माप घेऊनच. परंतु चाळीस मुलांच्या वर्गात विष्णुशर्म्यालाही प्रत्येकाचे माप घेणे जमले नसते. हे काम यंत्राला जमेल, असे प्रथम करून दाखविले ते गॉर्डन पास्क या इंग्रज संशोधकाने.

पास्क यांचा जन्म १९२८ चा, डर्बी येथला. नाटक, संगीत आणि नियंत्रणशास्त्र यांचा त्यांच्या ठायी चमत्कारिक संगम झाला होता. १९५३ च्या सुमारास त्यांनी रॉबिन मॅकिनन-वुड या सहकाऱ्याच्या साह्याने 'म्युझिकलर' नावाचे एक यंत्र तयार केले. वादकाचे वादन ऐकून ते रंगीत दिव्यांचा खेळ करीत असे. गंमत अशी, की वादक तेच ते वाजवू लागला की यंत्र जणू कंटाळत असे आणि प्रतिसाद देईनासे होत असे. मग त्याला पुन्हा रंगात आणण्यासाठी वादकाला नवे काही वाजवावे लागे. वादक यंत्राला वळवी आणि यंत्र वादकाला. हे नाते मैफलीतल्या तबलजीच्या आणि गवयाच्या नात्यासारखे होते.

याच कल्पनेतून १९५६ साली त्यांचे दुसरे यंत्र जन्मले. त्याचे नाव 'साकी'. स्वतःला जुळवून घेणारा कळफलक-शिक्षक, अशा अर्थाच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे होती. त्या काळी हिशेबाची माहिती कार्डांवर भोके पाडून नोंदविली जाई, आणि ती भोके पाडणाऱ्या कारकुनांना आकड्यांच्या कळा न पाहता वेगाने दाबायला शिकावे लागे. 'साकी' शिकणाऱ्यापुढे आकडे मांडी आणि कोठली कळ दाबायची ते एका दिव्याने सुचवी. येथपर्यंत विशेष काही नाही. विशेष पुढे होते. एखाद्या आकड्यावर शिकणाऱ्याचा हात बसू लागला, की त्या आकड्यापुरता दिवा मंद होई आणि उत्तरासाठी दिलेला अवधी कमी होई. दुसऱ्या आकड्यावर तो अडखळत असला, तर तेथे दिवा पुन्हा ठळक होई आणि अवधी वाढे. म्हणजे सातच्या कळेवर कच्चा आणि तीनच्या कळेवर पक्का असलेल्या माणसाला यंत्र दोन्हीकडे वेगवेगळे वागवी. हे सारे साध्या विद्युत् मंडलांनी साधले होते. प्रत्येक कळेवरील प्रगतीची नोंद विजेच्या साठ्याच्या रूपाने ठेवली जाई.

पास्क यांचे सूत्र सोपे होते. काम फार सोपे झाले तर माणूस कंटाळतो, फार कठीण झाले तर तो खचतो. शिक्षकाने त्याला या दोहोंच्या मधल्या वाटेवर ठेवावे. आणि ही वाट प्रत्येकाची निराळी असते, एवढेच नव्हे तर एकाच माणसाचीही दर घटकेला बदलते. पुढच्या सत्तर वर्षांत या क्षेत्रात जे जे घडले, त्याचे बीज या लहानशा पेटीत होते.

'साकी'ला माणसाचा वेग आणि चुका दिसत. त्याच्या मनात काय चालले आहे, हे मात्र दिसत नसे. तेथवर पोचण्याचा पहिला प्रयत्न १९७० साली अमेरिकेत केंब्रिज येथे हाइमे कार्बोनेल यांनी केला. त्यांच्या 'स्कॉलर' या आज्ञावलीत दक्षिण अमेरिकेच्या भूगोलाचे ज्ञान कल्पनांच्या जाळ्याच्या रूपाने साठविले होते. ती विद्यार्थ्याला प्रश्न विचारी आणि विद्यार्थ्याच्या उलट प्रश्नांना उत्तरेही देई. कार्बोनेल १९७३ साली अकाली निवर्तले, पण पुढाकार कधी यंत्राने घ्यावा आणि कधी माणसाने, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न अजून मिटलेला नाही.

त्यानंतरचे पाऊल प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावे असे आहे. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी मुलांच्या वजाबाकीच्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या आज्ञावलीचे नाव 'बग्गी'. समजा, एका मुलाने बावन्नातून सत्तावीस वजा करून पस्तीस उत्तर काढले आणि एक्याऐंशीतून छत्तीस वजा करून पंचावन्न. वहीवर दोन लाल फुल्या पडतील आणि मूल निष्काळजी ठरेल. वस्तुतः ते अत्यंत काटेकोर आहे. प्रत्येक रकान्यात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, मग तो वर असो की खाली, हा नियम ते निष्ठेने पाळत आहे. सातातून दोन गेले, पाच उरले. पाचातून दोन गेले, तीन उरले. नियम चुकीचा आहे, पण पालन बिनचूक आहे. अशा मुलाला आणखी शंभर उदाहरणे घालून काही उपयोग नाही. ते शंभर वेळा तीच चूक पक्की करील. त्याच्या मनातला नियम शोधून काढून तेवढाच दुरुस्त करायला हवा. ब्राउन आणि बर्टन यांची आज्ञावली उत्तरांवरून मागे मागे जाऊन तो नियम शोधी. चुकणाऱ्या माणसाच्या चुकीतही एक तर्क असतो, हे या संशोधनाने गणिताच्या पाटीवर सिद्ध करून दाखविले.

याच सुमारास, १९७९ साली, एलेन रिच या संशोधिकेने वर्गाबाहेरचा प्रयोग केला. तिने घडविलेला 'ग्रंडी' हा एक काल्पनिक ग्रंथपाल होता. वाचकाने आपल्याविषयी दोन-चार शब्द सांगावेत आणि ग्रंडीने त्याला आवडेल अशी कादंबरी सुचवावी, अशी योजना होती. दोन-चार शब्दांवरून माणूस कसा ओळखायचा? रिच यांनी त्यासाठी साच्यांचा आश्रय घेतला. खेळाडू म्हटला की त्याला अमुक आवडेल, धार्मिक म्हटला की तमुक, असे ठोकताळे ग्रंडीजवळ होते. सुचविलेले पुस्तक वाचकाने नाकारले, तर ग्रंडी कारण विचारी आणि आपली समजूत बदली. व्यवहारात माणसेही परक्या माणसाला असेच ओळखतात. आडनाव, पेहराव, बोलण्याची ढब यांवरून एक अंदाज बांधतात. सुज्ञ माणूस तो अंदाज परिचयाने दुरुस्त करतो, अडाणी माणूस त्यालाच चिकटून राहतो. यंत्राच्या बाबतीतही हाच धोका होता, आणि पुढे तो वाढणार होता.

१९८० नंतर संगणक कचेरीतल्या मेजावर आला आणि त्याबरोबर हा प्रश्नही प्रयोगशाळेतून कचेरीत आला. पडद्यावर कामांच्या लांबच लांब याद्या दिसत. ज्याला जे काम वारंवार लागते ते यंत्राने आपण होऊन वर आणावे, हे किती सोयीचे! १९८५ साली सॉल ग्रीनबर्ग आणि इयन विटन यांनी टेलिफोन क्रमांकांच्या एका यादीवर हा प्रयोग केला. वारंवार लागणारी नावे वर सरकवणाऱ्या यादीतून नाव शोधायला माणसांना ठरीव यादीपेक्षा कमी वेळ लागला. सर्वांना वाटले, प्रश्न सुटला.

परंतु १९८९ साली जेफ्री मिचेल आणि बेन श्नाइडरमन यांनी दुसऱ्या प्रकारच्या याद्यांवर असाच प्रयोग केला, तेव्हा निकाल उलटा लागला. सतत जागा बदलणाऱ्या यादीशी काम करताना आरंभी तरी माणसे मंदावली, आणि बहुतेकांनी स्थिर यादीच पसंत केली. याचे कारण स्वयंपाकघरात शिरले की उमगते. मोहरी कोठे आहे हे घरच्या गृहिणीला डबे वाचून शोधावे लागत नाही. तिचा हात आपसूक त्या डब्यावर पडतो. आता कोणी रोज रात्री तिच्या सोयीसाठी म्हणून डब्यांची जागा बदलू लागले, तर सकाळी फोडणी जळणार हे निश्चित. यंत्र माणसाचे माप घेत असते, त्याच वेळी माणूसही यंत्राचे माप घेत असतो. हाताला लागलेली सवय ही माणसाने कष्टाने मिळविलेली मालमत्ता आहे. ती यंत्राने न विचारता मोडली, तर हेतू कितीही चांगला असला तरी तो अपहारच ठरतो. यावर १९९४ साली अँड्रू सीअर्स आणि श्नाइडरमन यांनी तोड काढली. वारंवार लागणारी तीन-चार कामे वर वेगळी मांडावीत, बाकीची यादी जशीच्या तशी राहू द्यावी. मसाल्याचा डबा ओट्यावर, बाकीचे डबे फळीवर. संशोधकांनी शोधलेला हा तोडगा प्रत्येक घरात पूर्वीपासून होताच!

या क्षेत्रातली सर्वांत गाजलेली फजिती त्यानंतरची आहे. १९९३ साली एरिक हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेत 'ल्युमिएर' प्रकल्प हाती घेतला. काम करणाऱ्याच्या हालचालींवरून त्याला काय साधायचे आहे याचा संभाव्यतेच्या गणिताने अंदाज करावा आणि योग्य वेळी मदत देऊ करावी, असा हेतू होता. आरंभी त्यांनी एक मार्मिक प्रयोग केला. यंत्राच्या जागी दुसऱ्या खोलीत जाणकार माणसे बसविली. समोर काम करणाऱ्याला वाटे सल्ला यंत्र देत आहे. प्रत्यक्षात तो माणूस देत असे. तेव्हा आढळले, की दुसऱ्याच्या मनातला हेतू ओळखणे जाणकार माणसालाही कठीण जाते. इतकेच नव्हे, चुकीचा सल्ला मिळालेली माणसे आपले काम सोडून त्या सल्ल्याच्या मागे धावू लागत, आणि ते पाहून सल्ला देणाऱ्याला आपला अंदाज बरोबर असल्याचा भ्रम होई.

या संशोधनाचा काही अंश १९९७ च्या 'ऑफिस' आज्ञावलीतील साहाय्यकात उतरला. कागद अडकवायच्या टाचणीच्या रूपातला, डोळे मिचकावणारा 'क्लिपी' जगभर प्रसिद्ध झाला तो याच वेळी. पण संशोधनातला महत्त्वाचा भाग मागेच राहिला होता. प्रत्येक वापरणाऱ्याची कायमची ओळख साठविण्याची योजना त्यात नव्हती, आणि आपण होऊन मदतीला धावण्याचे काम बहुतांशी ठरीव नियमांवर सोपविले होते. परिणामी पत्राचा मायना लिहिताच हा पाहुणा उगवे आणि पत्र लिहिण्यास मदत हवी का, असे विचारी. दहा वेळा नको म्हटले, तरी अकराव्या वेळी पुन्हा विचारी. आयुष्यभर पत्रे लिहिलेल्या माणसालाही आणि पहिले पत्र लिहिणाऱ्यालाही तो एकाच रीतीने विचारी. ओळखीचा आव आणायचा आणि ओळख मात्र ठेवायची नाही, या दोषाला माणसे माणसातही क्षमा करीत नाहीत. २००१ च्या आवृत्तीत हा साहाय्यक आरंभी बंद ठेवण्यात आला आणि २००७ च्या आवृत्तीतून तो गेला. २००० सालच्या आवृत्तीत फारशी न लागणारी कामे यादीतून आपोआप लपविण्याची सोय केली होती. तिलाही २००७ मध्ये निरोप मिळाला.

१९९७ सालीच या विषयावर एक गाजलेला वाद झाला. एका बाजूला पॅटी मेस होत्या. कामे इतकी वाढली आहेत की माणसाने ती आपल्या वतीने वागणाऱ्या आज्ञावलीवर सोपवावीत, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला तेच श्नाइडरमन. यंत्र काय करील याचा माणसाला आधी अंदाज करता आला पाहिजे आणि लगाम त्याच्याच हाती राहिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. या वादात कोणी हरले नाही. पुढे हॉर्विट्झ यांनी १९९९ साली मांडलेल्या तत्त्वांत दोन्ही बाजूंचे सार आढळते: यंत्राने आपल्या अंदाजाची खात्री किती, व्यत्यय आणण्याची किंमत किती आणि मदतीचा लाभ किती, याचा हिशेब करूनच तोंड उघडावे.

इकडे दुसऱ्याच वाटेने एक निराळे तंत्र पुढे आले होते. माणसाला ओळखण्यासाठी त्याच्यासारख्या इतर माणसांकडे पाहावे, ही त्यातली युक्ती. १९९२ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील 'टॅपेस्ट्री'ने आणि १९९४ साली 'ग्रूपलेन्स'ने ती वापरली. ज्यांच्या आवडी आजवर तुमच्याशी जुळल्या, त्यांना आवडलेली वस्तू तुम्हालाही आवडेल, हा हिशेब इतका यशस्वी झाला की पुस्तके, चित्रपट, गाणी, बातम्या यांची बाजारपेठ त्यावर उभी राहिली. २००६ साली नेटफ्लिक्स या कंपनीने आपला अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखविणाऱ्यास दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले. ते २००९ साली एका संघाने मिळविले. पण या स्पर्धेसाठी नावे वगळून प्रसिद्ध केलेल्या माहितीतून माणसे पुन्हा ओळखता येतात, हे अरविंद नारायणन आणि विटाली श्मातिकोव यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. पाहिलेल्या काही चित्रपटांवरून आणि साधारण तारखांवरून माणसाचा माग लागू शकत होता. त्यानंतर योजलेली दुसरी स्पर्धा २०१० साली रद्द करावी लागली.

येथे शिंप्याच्या दृष्टांतातला एक फरक ठळक होतो. शिंप्याच्या वहीत छातीचे आणि कमरेचे माप असते, आणि गिऱ्हाइकाला ते ठाऊक असते. या नव्या वहीत माणसाच्या आवडी, शंका, दुखणी, रात्रीच्या जागरणाच्या वेळा यांची नोंद असते, आणि ज्याची नोंद आहे त्यालाच बहुधा ती पाहायला मिळत नाही. शिवाय हे माप सदरा शिवण्यासाठीच घेतले आहे, की त्या माणसाला आणखी काही विकण्यासाठी, हेही त्याला कळत नाही. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. माप घेणाऱ्याने विचारून घ्यावे, हा साधा शिष्टाचार कायद्याच्या भाषेत येण्यासाठी एवढी वाटचाल करावी लागली.

तरीही या इतिहासाकडे केवळ भयाने पाहणे न्याय्य होणार नाही. ज्यांना तयार सदरा कधीच बसत नव्हता, त्यांच्यासाठी या तंत्राने जे केले ते विसरता येत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील क्रिस्तॉफ गायॉस आणि डॅनियल वेल्ड यांनी २००४ च्या सुमारास 'सप्ल' नावाची पद्धत घडविली. तिच्यात वापरणारा आरंभी काही साधी कामे करतो. ठिपक्यावर टिचकी मारणे, वस्तू सरकवणे, यांसारखी. त्यावरून यंत्र त्याच्या हातांच्या शक्तीचे माप घेते आणि त्या मापाबरहुकूम पडदा नव्याने मांडते. कोणाला मोठी बटणे, कोणाला कमी हालचाल. व्याधीमुळे ज्यांच्या हातांची हालचाल मर्यादित झाली होती अशा माणसांवर केलेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ती माणसे नेहमीच्या मांडणीपेक्षा सुमारे २६ टक्के अधिक वेगाने काम करू शकली आणि त्यांच्या चुका ७३ टक्क्यांनी घटल्या. अपंगत्व केवळ माणसाच्या हातात नव्हते. त्याचा मोठा वाटा त्या हाताचा विचार न करता केलेल्या यंत्रात होता.

स्टीफन हॉकिंग यांची कथाही अशीच बोलकी आहे. गालाच्या एका स्नायूच्या हालचालीवर ते अक्षरे निवडीत. २०१४ साली जाहीर झालेल्या त्यांच्या नव्या योजनेत शब्दांचा अंदाज करणारी आज्ञावली त्यांच्याच लेखनावर शिकविली होती. त्यामुळे 'कृष्ण' या अर्थाचा शब्द निवडताच 'विवर' हा पुढचा शब्द ती आपण होऊन पुढे करी. परंतु अभियंत्यांनी सुचविलेली अगदी नवी मांडणी मात्र त्यांना मानवली नाही. शेवटी बाह्यरूप ओळखीचे ठेवून आतली बुद्धी तेवढी वाढविण्यात आली. स्वयंपाकघरातल्या डब्यांचा धडा जगातल्या एका थोर भौतिकशास्त्रज्ञाच्या खुर्चीशेजारी पुन्हा गिरवावा लागला.

आणि शेवटी ही कथा जेथून निघाली त्या वर्गात परत येते. यावेळी तो वर्ग दिल्लीतला आहे. आपल्या शाळांत सहावीच्या बाकावर बसलेली पुष्कळ मुले गणितात तिसरी-चौथीच्या पातळीवर असतात. पुस्तक सहावीचे, शिक्षकाचे बोलणे सहावीचे. मूल मात्र कधीच मागे सुटलेले. मुलांना इयत्तेऐवजी त्यांच्या प्रत्यक्ष पातळीवरून शिकवावे, हा आग्रह मुंबईत जन्मलेल्या 'प्रथम' या संस्थेने माणसांच्या बळावर अनेक वर्षे धरला आहे. अहमदाबादच्या एका शैक्षणिक संस्थेच्या 'माइंडस्पार्क' या आज्ञावलीने तेच काम यंत्राकडून करून घेतले. मुलाची पातळी शोधायची, त्याच्या चुकांचा प्रकार ओळखायचा आणि तेथून पुढे न्यायचे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गानिमियान या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५-१६ मध्ये दिल्लीत ६१९ विद्यार्थ्यांवर तिची कसोटी घेतली. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांना दिवसाला पाऊण तास यंत्रापुढे आणि पाऊण तास लहान गटात शिक्षकापुढे बसता आले. सुमारे साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीतही या मुलांनी न निवडल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्ट आघाडी घेतली; ती गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनांची होती. याहून मर्मभेदक गोष्ट दुसरी होती. न निवडल्या गेलेल्या मुलांपैकी जी सर्वांत मागे होती, त्यांची या काळात जवळजवळ काहीच प्रगती झाली नव्हती. ती शाळेत जात होती. शाळेचा सदरा त्यांच्या अंगाला बसत नव्हता, एवढेच. यंत्राजवळ बसलेली तशीच मुले मात्र पुढे सरकली. पास्क यांचा तो मंद होणारा आणि ठळक होणारा दिवा साठ वर्षांनी दिल्लीच्या मुलांपुढे लागला होता.

२०२२ नंतर माणसाच्या भाषेत संभाषण करणाऱ्या आज्ञावल्या घरोघर पोचल्या आहेत. त्या बोलणाऱ्याचे शब्द, त्याची आवड, त्याचा पूर्वीचा प्रश्न ध्यानात ठेवू शकतात. ग्रंडीजवळ मोजके ठोकताळे होते. यांच्याजवळ त्यांचा सागर आहे. म्हणूनच सत्तर वर्षांतले धडे आज अधिक उपयोगी पडावेत. माणसाची चूक ही त्याच्या विचाराची खूण असते, ती वाचावी. त्याच्या हाताची सवय मोडण्यापूर्वी त्याला विचारावे. अंदाज बांधावा, पण तो अंदाजच आहे हे विसरू नये. आणि नोंदवही ज्याची आहे त्याला ती उघडून पाहता यावी, चुकलेली नोंद खोडता यावी.

जुन्या पेठेतला चांगला शिंपी कापड एकदम पक्के शिवत नसे. आधी कच्चे टाके घालून तो गिऱ्हाइकाला बोलावी, कपडा अंगावर चढवायला लावी आणि विचारी, "कोठे ओढतो का?" गिऱ्हाइकाने हात वर करून पाहावा, खांदा हलवून पाहावा, आणि ओढत असेल तेथे बोट ठेवावे. मगच पक्की शिवण पडे. यंत्राला माप घेता येऊ लागले आहे. आता हा प्रश्न विचारायला आणि त्याचे उत्तर ऐकून घ्यायला त्याला शिकविण्याचे काम उरले आहे.